‘इकडची पोरं अशीच!’

डहाणू-तलासरीत एखाद्या मुलाला वाचता येत नसेल, तर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

आठवून बघा. तुमच्या चौथी-पाचवीच्या वर्गात एक जण होता. बाईंनी वाचायला उभं केलं की तो धडा वाचायचा नाही, शेजारच्याने कुजबुजलेलं म्हणून दाखवायचा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागायचा. वहीत ‘भात’चं ‘मात’ व्हायचं, वेलांट्या गायब व्हायच्या. आणि अजून एक जण होता. तो बाकावर पाच मिनिटं टिकायचा नाही. खिडकीतून बाहेर तरी बघायचा, नाहीतर कुणाची तरी पेन्सिल घेऊन पळायचा. मार तोच खायचा, वर्गाबाहेर तोच उभा असायचा. पहिल्याला सगळे ‘ढ’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘येडा’. तुम्हीही म्हटलं असेल. मीही म्हटलंय.

आज तुम्ही तलासरीच्या, बोर्डीच्या, पालघरच्या नाहीतर मुंबईच्या एखाद्या कॉलेजात आहात. ते दोघं कुठे आहेत? डहाणू-तलासरीकडचे असतील तर एक बहुतेक उंबरगावच्या एखाद्या कंपनीत हेल्पर असेल, दुसरा गुजरातच्या बोटीवर खलाशी. त्या कामात कमीपणा काही नाही. पण त्यांनी ते निवडलेलं नव्हतं. शाळा सुटली आणि जे समोर आलं ते धरलं.

आता प्रश्न असा, की त्या पहिल्या मुलाला नेमकं काय झालं होतं? तीन शक्यता आहेत. एक, त्याला खरंच डिस्लेक्सिया होता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही अक्षर आणि आवाज यांची जोडी त्याच्या मेंदूत सहज बसत नव्हती. दोन, त्याच्या घरात वारली बोलत होते आणि शाळा पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत बोलत होती. तीन, दिवाळीनंतर त्याचे आईबाप वीटभट्टीवर जायचे, तो त्यांच्यासोबत जायचा आणि अर्धं वर्ष शाळेतच नसायचा. तिन्ही गोष्टी वेगळ्या, तिन्हींचे उपाय वेगळे. आपण मात्र तिघांनाही एकच शब्द चिकटवला आणि मोकळे झालो.

मुंबई-पुण्यात अशा मुलाला ‘आळशी’ म्हणतात, ‘लक्ष देत नाही’ म्हणतात. तेही चूकच आहे. पण तिथे निदान कुणाला तरी खटकतं. बाकी सगळे वाचतात, हा का वाचत नाही, हा प्रश्न पडतो. डहाणू-तलासरीत प्रश्नच पडत नाही. २०११च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दहातले नऊ जण आदिवासी होते. शाळेत बाहेरून आलेला माणूस चौथीतलं वाचता न येणारं मूल बघतो आणि म्हणतो, ‘इकडची पोरं अशीच.’ कधी कधी हे आपणच म्हणतो, आपल्याच पोरांबद्दल. सगळ्यांनाच एकदा कच्चं ठरवून टाकलं, की ज्याला खरी मदत हवी तो त्या गर्दीत दिसेनासा होतो.

सुरुवात तर पालघरलाच झाली होती

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची देशभर चालणारी योजना आहे. तिची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली आणि ती दिल्लीत नाही, पालघरला झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. या योजनेत डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन प्रत्येक मूल तपासतं. तुम्हालाही तपासलं असेल. डोळे, दात, वजन-उंची, हिमोग्लोबिन कमी आहे का, छातीत काही आवाज येतोय का, वगैरे.

पण त्या पथकाच्या यादीत फक्त एवढंच नाही. ज्या ३० गोष्टी तपासायच्या, त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे आणि एडीएचडीही आहे. म्हणजे शिकण्यातल्या आणि वागण्यातल्या अडचणी शाळेच्या वर्गात जाऊन शोधायच्या, हे सरकारने कागदावर लिहिलं आणि त्याचा नारळ फोडला आपल्याच दारात.

मग सापडतात का ही मुलं? विचार करा. एका दिवसात अख्खी शाळा तपासायची आहे. हृदयाला छिद्र असेल तर स्टेथोस्कोपला कळतं. फाटलेला ओठ दिसतो. पण वाचनातली अडचण दोन मिनिटांत कशी दिसणार? ती फक्त रोज त्या मुलासोबत बसणाऱ्या माणसाला दिसते. तो माणूस म्हणजे शिक्षक. आणि शिक्षकाने सांगायचं तर त्याला आधी ते वेगळं वाटायला हवं. ‘इकडची पोरं अशीच’ इथे परत आडवं येतं.

समजा, एक मुलगी आहे

समजा, उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी आहे. तिसरीत आहे. खरी नाही, पण तुम्ही तिला ओळखता. घरी वारली बोलते. बाजारात आईसोबत भाजी विकायला बसते आणि सुट्टे पैसे चुकत नाही. गोष्ट सांगायला लागली की लहान भावंडं जेवायचं विसरतात. शाळेत मात्र गप्प. अक्षरं आज ओळखते, उद्या विसरते. ‘घ’ आणि ‘ध’ तिला सारखेच दिसतात. जोडाक्षर आलं की थांबते.

आता तिला अध्ययन अक्षमता आहे की नाही, हे कोण ठरवणार?

जगभरातले डॉक्टर ज्या व्याख्या वापरतात त्यांत एक अट असते. मुलाला नीट शिकवणी मिळालेली असावी, शिकवण्याची भाषा त्याला येत असावी आणि तरीही वाचन-लेखन-गणितात अडचण राहावी. तर ती अध्ययन अक्षमता. अट चुकीची नाही. ती नसेल तर जिला केवळ मराठी येत नाही अशा मुलीवर अपंगत्वाचा शिक्का बसेल आणि आपल्याकडे तसे शिक्के बसलेलेही आहेत. वारली बोलणाऱ्या मुलाला ‘मतिमंद’ म्हणणारे महाभाग मी स्वतः ऐकलेत.

पण हीच अट तलासरीत आणून ठेवा. शिकवण्याची भाषा घरची? नाही. शिकवणी नीट, सलग मिळाली? दिवाळी ते जून भट्टीवर, म्हणजे नाही. मग या मुलीला डिस्लेक्सिया असू शकतो हे म्हणायलाच वाव उरत नाही. तपासणारा म्हणणार, ‘भाषेचा प्रॉब्लेम आहे, गैरहजेरी आहे, होईल हळूहळू.’ व्याख्या बरोबर, माणूसही प्रामाणिक, आणि तरी मूल दाराबाहेर. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला जे दार उघडं आहे ते हिला बंद, कारण हिच्यापाशी आधीच दोन अडचणी आहेत. तिसरी मोजायला कुणी तयार नाही.

यातून वाट नाही असं नाही. ती फार अवघडही नाही. या मुलीची तुलना दादरच्या मुलीशी करायचीच नाही. तिच्याच पाड्यावरच्या, तीच भाषा बोलणाऱ्या, तितकीच शाळा बुडालेल्या चार मुलींशी करायची. त्या चौघी अडखळत का होईना वाचायला लागल्या आणि हिला तिसऱ्या वर्षीही अक्षर-आवाज जुळत नसेल, पण तोंडी तिच्या भाषेत ती त्यांच्याइतकीच किंवा जास्तच हुशार असेल, तर भाषेचं आणि भट्टीचं कारण पुरत नाही. तिसरं काहीतरी आहे. हे बघायला मशीन लागत नाही. तिची भाषा कळणारा माणूस लागतो.

आणि तिथे गाडी अडते. मराठीत चाचण्या आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची डिस्लेक्सियाची चाचणी भारतीय भाषांसाठी तयार केली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीतही आहे. चांगलंच झालं. पण वारली, कोकणा, धोडिया घरात बोलणाऱ्या मुलासाठी मराठी ही शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते. सरकार तिला मातृभाषा धरून चालतं, इतकंच.

कागदाचा प्रवास

बरं, समजा कुणीतरी ओळखलं. पुढे काय?

कायदा तिच्या बाजूने आहे आणि चांगला आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क देणारा २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं, आता २१ आहेत. त्यात अध्ययन अक्षमता पहिल्यांदा आली, स्वमग्नता आली. ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, पहिलं तर कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत करायचं, असंही त्यात लिहिलंय. एडीएचडी मात्र त्या २१च्या यादीत नावाने नाही. म्हणजे पालघरला सुरू झालेल्या योजनेच्या यादीत तो शोधायचा, आणि सापडला तर प्रमाणपत्र कशाच्या नावाने द्यायचं ते कुणी सांगत नाही. दोन सरकारी याद्या एकमेकींशी बोलतच नाहीत!

प्रमाणपत्राचंही तसंच. जानेवारी २०१८मध्ये केंद्राने जे नियम काढले त्यात शाळेने तिसरीपर्यंत किंवा मूल ८ वर्षांचं होईपर्यंत चाळणी करावी, मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांनी तपासावं, असं ठरलं. ८व्या वर्षाआधी प्रमाणपत्र नाही, पुन्हा १४व्या आणि १८व्या वर्षी तपासणी. त्याच नियमांत बुद्ध्यांक ८५च्या वर असेल तरच पुढची चाचणी, अशी पायरी होती. आता मराठी प्रश्न न कळल्यामुळे एखाद्या वारली मुलीचा बुद्ध्यांक ८० आला तर? ती अध्ययन अक्षमतेत बसत नाही. बौद्धिक अक्षमतेत बसायला तो ७०च्या आसपास किंवा खाली लागतो, म्हणजे तिथेही नाही. ती कुठेच नाही. शाळेतला शेरा: ‘संथ गतीने शिकते.’

आणि हे सगळे तज्ज्ञ भेटणार कुठे? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ मिळाला तरी मोठी गोष्ट. इकडची माणसं मोठ्या आजाराला सिल्वासा, वलसाड, वापी गाठतात. महाराष्ट्राचं प्रमाणपत्र तिथून मिळत नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी काही मोजकी ठिकाणं आहेत जिथे अशा मुलांसाठी वर्षानुवर्षं क्लिनिक चालतं. तिथवर जायचं म्हणजे पाड्यावरून जीप, मग डहाणू रोडहून लोकल, मग दादरला बदलून सायन. २०१३ला डहाणूपर्यंत लोकल आली म्हणून निदान हे तरी जमतं. पण एका फेरीत काम होत नाही. प्रत्येक फेरी म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी, बापाचीही. ‘पालकांना जाणीव नाही’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा उधव्याहून सायनला पाठवायला हवं, लहान मूल कडेवर घेऊन.

म्हणून दहावी-बारावीला ज्या सवलती मिळतात, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं, त्या घेणारी मुलं बहुतेक शहरातली असतात. महाराष्ट्राने या सवलती १९९०च्या दशकातच सुरू केल्या, देशात तेव्हा अशी राज्यं फारशी नव्हती. त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. फक्त त्या दहावीला मिळतात, आणि आपला तो चौथीतला मित्र दहावीपर्यंत पोचलाच नव्हता. आता तर राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आल्यात. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथेही नापास तर त्याच वर्गात. ज्याला कारण न कळल्यामुळे वाचता येत नाही, तो दुसऱ्या वर्षी त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर बसून काय वेगळं करणार आहे?

‘मारल्याशिवाय ऐकत नाही’

वाचता न येणारं मूल निदान गप्प तरी असतं. वागण्यातली अडचण असलेल्या मुलाचे हाल जास्त. कारण त्याचा सगळ्यांना त्रास होतो.

एडीएचडी असलेलं मूल मुद्दाम उठत नाही. थांबायचा ब्रेक त्याच्याकडे उशिरा लागतो. स्वमग्न मूल उद्धट नसतं, डोळ्यांत बघणं किंवा घंटेचा आवाज त्याला सहन होत नसेल. पण आश्रमशाळेत एका हॉलमध्ये पन्नास-साठ मुलं, जेवायला रांग, आंघोळीला रांग, गावापासून लांब. अशा ठिकाणी हे मूल पहिल्या आठवड्यात ‘बेशिस्त’ ठरतं. रात्री अंथरूण ओलं करतं, पळून जातं, कुणाला तरी चावतं. मग काठी निघते. शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मारायला आणि मानसिक छळाला सरळ बंदी घालतं. शिक्षकांना ते पाठ आहे. तरी शिक्षक, पालक आणि अगदी मोठे झालेले विद्यार्थीसुद्धा सांगतात, ‘आम्ही मार खाल्ला म्हणून सुधारलो.’ ज्यांनी मार खाल्ला आणि सुधारले नाहीत, ते हे सांगायला आपल्यासोबत कॉलेजात नसतात.

घरी काय होतं? आधी भगताकडे नेतात. नजर लागली, बाहेरचं आहे. यावर हसायची आपल्याला सवय आहे. मी हसणार नाही. भगत निदान अर्धा तास बसून मुलाचं आणि आईचं ऐकतो. आपली यंत्रणा दोन मिनिटं देते. त्याच्या उपायाने मूल बरं होत नाही हे खरं, पण आईला कुणीतरी विचारलं हेही खरं.

आणि शहरातले आपण? आपण इंग्रजी शब्द शिकलो आणि त्यांची मस्करी सुरू केली. लेक्चरला मन लागलं नाही की ‘मला एडीएचडी आहे यार’. मित्र पार्टीत गप्प बसला की ‘ऑटिस्टिक आहेस का?’. कॉलेजच्या ग्रुपवर रोज चालतं. चिडू नका, पण ‘येडा’चंच हे नवं रूप आहे. २०१६च्या कायद्याच्या ९२व्या कलमात दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. मित्रांमधल्या विनोदावर कुणी केस करणार नाही, मान्य. पण ज्या खोलीत हा विनोद चालतो त्याच खोलीत एखादा जण गप्प बसलेला असतो. आणि तो कुणालाही काही सांगत नाही.

जिव्या म्हसे व्हायलाच हवं का?

डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तुम्हाला माहीत असतील. तलासरीच्या धामणगावात जन्म, वारली चित्रकला जगभर नेली, २०११ला पद्मश्री, २०१८ला गेले. त्यांच्या लहानपणाची गोष्ट अनेकदा छापून आलीय. सात वर्षांचे असताना आई गेली आणि मुलाने बोलणंच सोडलं. कित्येक वर्षं ते धुळीत चित्रं काढून सांगायचे.

या गोष्टीवरून त्यांना अमुक आजार होता असं म्हणायचा मला अधिकार नाही, कुणालाच नाही. पण हाच मुलगा आजच्या एखाद्या वर्गात बसवून बघा. बोलत नाही, जमिनीवर रेघोट्या ओढतो. आपण त्याला काय म्हटलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मात्र ही गोष्ट सांगताना एक धोका असतो. ‘तारे जमीन पर’ २००७ला आला, तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचला. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या त्या सिनेमाचं ऋण मोठं आहे. पण त्यातला ईशान शेवटी चित्रकलेत पहिला येतो. तेव्हापासून आपल्याला वाटायला लागलं की अशा प्रत्येक मुलात एक कलाकार लपलेला असतो, आणि तो बाहेर आला की सगळं ठीक. नसेल लपलेला तर? बहुतेक मुलं तुमच्या-माझ्यासारखी साधी असतात. त्यांना पद्मश्री नकोय. एसटीचा बोर्ड वाचता यावा, बँकेत फॉर्म भरता यावा, सातबाऱ्यावर अंगठा द्यायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते कळावं, एवढंच हवंय. बंदर, बुलेट ट्रेन, एक्स्प्रेस वे यांच्यासाठी ज्या भागातली जमीन मोजली जातेय, तिथे वाचता येणं ही हौस नाही.

टेकडीवर हे आधी झालंय

यावर उपाय परदेशातून आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, तो याच कामातून आलेला. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. पाड्यावर जाऊन अंगणात वर्ग भरवले. गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा नेली. मूल शाळेत बसत नसेल तर मुलात बिघाड शोधायच्या आधी शाळा तपासायची, हा विचार डहाणू तालुक्यात जवळपास ऐंशी वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आला. आज ज्याला समावेशित शिक्षण म्हणतात त्याचं मूळ यापेक्षा वेगळं नाही.

आज मात्र एकाच मुलाचे पाच मालक आहेत. अंगणवाडी महिला व बालविकासची, जिल्हा परिषदेची शाळा शिक्षण विभागाची, आश्रमशाळा आदिवासी विकासची, तपासणी आरोग्याची, आणि २०२२च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग. अंगणवाडीतल्या ताईंना जे मूल वेगळं वाटलं होतं, ते त्यांनी लिहूनही ठेवलं असेल, पण तो कागद पहिलीच्या शिक्षकाकडे जातो का? आश्रमशाळेत गेला तर त्याच्यासोबत काय जातं? शाळा सोडल्याचा दाखला. त्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो.

मोजणी नसेल तर मागणी करता येत नाही. २०११च्या जनगणनेने अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले, त्यात अध्ययन अक्षमता नव्हती. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. शाळांची यू-डायसवरची माहिती मुख्याध्यापक भरतात, त्यात अशा मुलांचा रकाना आहे. पण मुख्याध्यापकांनाच कुणी ‘अशीच पोरं’च्या पलीकडे दिसलं नाही, तर तिथे शून्य जातं. आणि शून्याला विशेष शिक्षक लागत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ला सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ला पुन्हा राज्यांना पदं निर्माण करायला बजावलं. पदं मुलांच्या आकड्यावर निघतात. आकडा कुठून येतो, ते वर सांगितलंच.

तुम्ही इथे कुठे येता?

मी तुम्हाला कँडल मार्च काढायला सांगणार नाही.

तुमच्यातले जे घरी वारली, कोकणा, धोडिया, मांगेली बोलतात आणि कॉलेजात मराठी-इंग्रजीत परीक्षा देतात, ते या सगळ्या साखळीतला हरवलेला दुवा आहेत. वारलीतली चाचणी यायला किती वर्षं लागतील देव जाणे. पण तपासणीच्या दिवशी मुलीशेजारी बसून ‘ह्या विचारतायत ते असं आहे’ हे तिच्या भाषेत सांगणारं माणूस आत्ता मिळू शकतं. तिची गोष्ट तिच्या भाषेत ऐकून ‘ही गोष्ट नीट सांगते, फक्त वाचनात अडते’ हे शिक्षकाला सांगणारंही. एनएसएसचं शिबिर पाड्यावर असतंच. तिथे रस्ता झाडून होतो, भिंती रंगवून होतात. त्यातले दोन दिवस शाळेतल्या मुलांच्या शेजारी बसा. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं ॲप शिक्षकांसाठीच बनवलेलं आहे, त्यात कोणत्या खुणा बघायच्या याची यादी आहे. शिक्षकांसोबत बसून ती वाचा. एक मात्र लक्षात ठेवा, ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असं तुम्ही जाहीर करायचं नाही. तुम्ही फक्त ‘याला तपासायला हवं’ एवढंच म्हणायचं. आधीच खूप जणांनी शिक्के मारलेत.

ज्यांना कागदपत्रांत रस आहे त्यांनी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात बाल स्वास्थ्य पथकांना अध्ययन अक्षमतेची किती मुलं आढळली, त्यातली किती पुढे पाठवली, किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, किती विशेष शिक्षक आहेत? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर शून्य आलं तरी ती बातमी आहे.

आणि करिअर म्हणूनही बघा. विशेष शिक्षणातलं बी.एड., क्लिनिकल सायकॉलॉजी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी. डहाणू-तलासरीत घरची भाषा बोलणारा असा एक माणूस आला तर त्याच्या दाराबाहेर रांग लागेल. पगार सुरुवातीला थोडा असतो, कंत्राटी असतो, हे लपवत नाही.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट, कारण ती कुठल्याच परिपत्रकात नसते. इकडे शाळा जूनमध्ये भरते, पण आवणीच्या दिवसांत मुलं शेतावर असतात. मग गणपती, मग भात कापणी, मग दिवाळी. दिवाळीनंतर घरं बंद व्हायला लागतात आणि ट्रक भरून माणसं भट्ट्यांवर, गुजरातला जातात. ज्या मुलांची अडचण सगळ्यात जास्त, तीच नोव्हेंबर ते मे हजेरीपटावर ‘गैरहजर’ असतात. म्हणजे पथक शाळेत यायचं तर ते आवणी उरकल्यानंतर, ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत यायला हवं. जानेवारीत आलेलं पथक अर्ध्या रिकाम्या बाकांची तपासणी करून जातं आणि अहवालात शंभर टक्के लिहितं. तुमच्या पाड्याच्या शाळेत यंदा ते कोणत्या महिन्यात आलं होतं, एवढं शनिवारी घरी गेलात की गुरुजींना विचारून या.